लोहाऱ्याचे जंगल आणि त्याच्या पोटातला कोळसा

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजातून उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. मग दुर्गापूरची खुली खाण येते, आणि खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते खरेच डोंगर वाटतात. याच शहरातून मूलच्या रस्त्याला लागले तर आठेक किलोमीटरवर लोहारा गाव येते. गाव मागे पडले की साग आणि बांबू दोन्ही अंगांनी रस्त्याला बिलगतात, आणि मे महिन्यातसुद्धा गाडीच्या काचेतून येणारी हवा जरा हलकी लागते. पुढे चिचपल्ली, मग केळझर, मग मूल. डाव्या हाताला, जंगलाच्या आत आत गेले की ताडोबा.

दोन्ही रस्त्यांच्या खाली जमिनीत एकच वस्तू आहे, कोळसा. एकीकडचा काढला गेला, दुसरीकडचा अजून तिथेच आहे. लोहाऱ्याच्या या जंगलात खुली कोळसा खाण करायचे एकदा ठरले होते. २००९ साली तो बेत बारगळला. माझ्या वर्गातल्या मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, म्हणून त्यांना हे जंगल कायमचेच वाटते. मी चंद्रपुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल आणि मराठी शिकवते. दरवर्षी नववीच्या मुलामुलींना एक दिवस या बाजूला आणते. पुस्तकातला 'खडकांचे प्रकार' हा धडा पाठ करून घेण्यापेक्षा तो पायाखाली दाखवणे सोपे जाते. चंद्रपूर जिल्ह्याइतका सोयीचा जिल्हा त्यासाठी दुसरा शोधून सापडणार नाही.

आधी जमिनीची गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय खाणीचा वाद नीट कळत नाही.

चंद्रपूरच्या नैऋत्येला पैनगंगेच्या खोऱ्यात इरई नावाचे एक गाव आहे. शहराजवळून वाहणाऱ्या इरई नदीशी त्याची गल्लत करू नये. तिथे १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांना चुनखडीचा एक सपाट खडक सापडला. त्याची वरची बाजू घासून गुळगुळीत झालेली होती आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेले लांब ओरखडे होते. असे ओरखडे पाण्याने पडत नाहीत, वाऱ्यानेही पडत नाहीत. दगडगोटे पोटात धरून सरकत जाणाऱ्या बर्फाच्या जाड थराने ते पडतात. म्हणजे आज जिथे उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो, त्या चंद्रपुरात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदी होती. हे सांगितले की वर्गात हमखास हशा पिकतो. मग मी ओरखड्यांचे चित्र फळ्यावर काढते, आणि हसू थांबते.

त्या काळी आपला हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका यांना चिकटलेला होता. बर्फ वितळला, पाणी साचले, मैलोन्‌मैल दलदल झाली. तिच्यात ग्लॉसोप्टेरिस नावाची लांबट, जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे माजली. ती पडत, चिखलात बुडत, वरून नदीची वाळू येऊन बसे. हवा न लागल्याने लाकूड कुजून नाहीसे झाले नाही. दाबाखाली आणि उष्णतेखाली त्याचा कोळसा झाला. कोळशाच्या या थरांना भूवैज्ञानिक बराकार म्हणतात. वर्धा नदीच्या खोऱ्यात काही ठिकाणी कोळशाचा एकच पट्टा १५ मीटर आणि त्याहूनही जाड आहे. पाच मजली इमारत त्यात उभी मावेल.

कोळशाच्या वर कामठी नावाचा वालुकाश्म आहे. पिवळा, तांबूस, कुठे पांढुरका, हातात घेतला तर कडेने रेती सुटते. चंद्रपूरच्या लोकांना तो अगदी ओळखीचा आहे, फक्त नाव माहीत नसते. गोंड राजांनी शहराभोवती बांधलेल्या परकोटाच्या भिंतीजवळ उभे राहून बोट फिरवले की वाळूचे कण जाणवतात. आमची एक शिकवणी मी पठाणपुरा दरवाजापाशीच घेते. दरवाजाच्या कमानीत उभे राहिले की दगडातल्या तिरप्या रेषा दिसतात. २५ कोटी वर्षांपूर्वी वाहत्या पाण्याने वाळू कशी एका बाजूला ढकलली, ते त्या रेषा सांगतात. मुले तिथून रोज जातात, पण नजर दुकानांवर असते. त्यात त्यांचा दोष नाही, कोणी दाखवलेच नव्हते.

आणखी पश्चिमेला, वरोऱ्याकडे, दख्खनच्या काळ्या दगडाची पूर्वेकडची किनार येऊन संपते. वरोऱ्याजवळच पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांमधून डायनोसोरांची हाडे आणि त्यांची दगड झालेली विष्ठासुद्धा सापडली आहे. विष्ठेचे ऐकून मुलींनी नाक मुरडले, आणि पुढचा तासभर सगळे प्रश्न त्याच विषयावर आले.

एवढे मोठे आकडे मुलांच्या डोक्यात बसवायला मी सुताची दोरी वापरते. एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख वर्षे. मग हिमनदीपर्यंत जायला ३० मीटर दोरी लागते, म्हणजे आमच्या शाळेचे अख्खे मैदान. कोळशाची झाडे २७-२८ मीटरवर येतात. दख्खनचा लाव्हा साडेसहा मीटरवर. परकोट, पाचशे-सहाशे वर्षांचा धरला तरी, केसाच्या जाडीइतका. आणि वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली ते १८७१ साल? केसाचा पाव भागसुद्धा नाही. दोरीच्या टोकाला उभ्या असलेल्या एका मुलीने विचारले, "आपा, जे बनायला मैदान लागलं ते आपण केसभर वेळात संपवतो आहोत का?" मी तिला म्हटले, सगळे नाही, पण काढण्याजोगे बरेचसे.

एक गोष्ट मुलांना मी मुद्दाम सांगते. या साऱ्या जुन्या खंडाला जगभर 'गोंडवाना' म्हणतात. भारतीय सर्वेक्षणातल्या मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास इथल्या खडकांना हे नाव दिले, आणि पुढे ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ मध्ये ते अख्ख्या प्राचीन भूखंडाला लावले. आफ्रिकेतला किंवा ब्राझीलमधला विद्यार्थीही आज हा शब्द शिकतो. तो शब्द ज्या गोंडांवरून आला, त्यांची पाडे-वस्त्या मूलच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. खाणीसाठी गाव उठवायचे ठरले की पहिल्या यादीत बहुधा त्यांचीच नावे असतात.

आता कोळसा काढायचा म्हणजे काय करायचे? पूर्वीच्या खाणी बहुतेक भूमिगत होत्या. माझे अब्बा अशाच खाणीत तीस वर्षे उतरले. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले आणि दोन वर्षांनी इकडच्या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत वेकोलिकडे आल्या. त्यानंतरच्या भरतीत अब्बा लागले. आमचे क्वार्टर, आमच्या फिया, माझे बी.एड., धाकट्या बहिणीचे लग्न, सगळे त्या पगारातून झाले. खाणीबद्दल वाईट बोलताना हे विसरून बोलणारी माणसे मला आवडत नाहीत. अब्बा सांगतात, खाली सगळ्यात महत्त्वाचे यंत्र कोळसा कापण्याचे नसते, पाणी उपसण्याचे असते. भिंतीतून, छतातून, पायाखालून पाणी झिरपतच राहते. पंप चोवीस तास चालू. "पंप थांबला की खाण पाण्याची," एवढे बोलून ते गप्प होतात. पुढचे न विचारलेलेच बरे.

ते पाणी कुठून येते, हे समजले तर लोहाऱ्याचा प्रश्न अर्धा समजतो. कामठीचा वालुकाश्म भुसभुशीत आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि दगडाच्या पोटात साठून राहते. या भागातल्या विहिरी आणि हातपंप त्याच्याच जिवावर चालतात. वर जंगल असले की पाचोळा आणि मुळे पावसाला धरून ठेवतात, ते हळूहळू खाली उतरते, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत नाल्यांना ओल राहते. वालुकाश्म हा या जंगलाचा माठ आहे असे मी मुलांना सांगते. कोळसा माठाच्या तळाशी ठेवलेला आहे.

खुल्या खाणीत हा माठ फोडूनच तळाशी जावे लागते. आधी झाडे तोडतात, मग वरची माती काढतात, मग सुरुंग लावून वालुकाश्म फोडतात आणि शावेलने डम्परमध्ये भरतात. या खोऱ्यात एक टन कोळसा मिळवायला चार-पाच घनमीटर किंवा त्याहून अधिक माती-दगड हलवावे लागतात. ती माती खड्ड्याच्या शेजारी रचली जाते. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुसच्या रस्त्यांवर दिसणारे डोंगर ते हेच. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आजूबाजूचे पाणी उताराने त्याच्याकडे धावते. तिथून ते उपसून नाल्यात सोडतात. म्हणून खाणीजवळच्या गावात दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात: विहीर आटली आणि नाल्याला काळे पाणी आले. ऐकणाऱ्याला वाटते, दोन्ही कसे खरे असेल? दोन्ही खरे असते.

इरई नदीच्या काठाने रचलेल्या ढिगाऱ्यांचा प्रश्न तर शहराच्या दारात आला आहे. पावसात ढिगाऱ्यावरची माती नदीत उतरते, पात्र उथळ होते, आणि धरणाचे दरवाजे उघडले की पाणी वस्तीत शिरते. पठाणपुऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे झरपट नदी इरईला मिळते, तिथल्या लोकांना पुराच्या रात्री सामान माळ्यावर कसे चढवायचे ते शिकवावे लागत नाही. पूर काही फक्त ढिगाऱ्यांमुळे येतो असे मी म्हणणार नाही. पाऊसही तसा पडतो, आणि नदीच्या पात्रालगत घरे आपणही बांधली आहेत. पण पात्रात माती भरली की त्याच पावसाचे पाणी हातभर जास्त वर चढते, हे समजायला बी.एड. लागत नाही.

काढलेल्या कोळशाचे पुढे काय होते तेही पाहू. चंद्रपूरच्या वीज केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. ते पूर्ण जोराने चालले तर दिवसाला चाळीस हजार टनांहून अधिक कोळसा लागतो. आपला कोळसा राखाळ असतो. साधारण तिसरा हिस्सा राखच. मुंबई-पुण्याच्या घरात दिवा लागतो आणि राख इथे उरते. आमच्या मोहल्ल्यात गच्चीवर कपडे वाळत घालायच्या आधी तारेवरून ओले फडके फिरवायची पद्धत आहे. नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात हे शिकवले जाते.

हे सगळे उत्तरेला आणि पश्चिमेला घडून गेले आहे. पूर्वेचा हा एक जंगलपट्टा उरला, त्याकडे २००७-०८ च्या सुमारास लक्ष गेले. दुसऱ्या जिल्ह्यात उभारायच्या एका खाजगी वीज प्रकल्पासाठी लोहाऱ्याचे कोळसा साठे देण्यात आले. हजार हेक्टरहून अधिक जंगल त्यात जाणार होते. चंद्रपुरात विरोध उभा राहिला. बंडू धोत्रे यांनी उपोषण केले, शाळा-महाविद्यालयांतली मुले रस्त्यावर आली, शहरातल्या डॉक्टर-वकिलांनी सह्या केल्या. जयराम रमेश तेव्हा केंद्रात पर्यावरणमंत्री होते. ताडोबाच्या इतक्या जवळ खाण होऊ द्यायची नाही, असे मंत्रालयाने ठरवले आणि प्रकल्प थांबला.

यात वाघाचा वाटा मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वात जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. पुढे अंधारी अभयारण्य त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, आणि भोवतालचा बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. आकडे मोठे वाटतात, पण वाघाच्या हिशेबाने लहान आहेत. एका मोठ्या नराला पन्नास-साठ चौरस किलोमीटर सहज लागतात. दोन वर्षांचे पिल्लू आईपासून सुटले की त्याला स्वतःची जागा शोधायला बाहेर पडावेच लागते. ते दक्षिणेला कन्हाळगावच्या जंगलातून तेलंगणातल्या कवलकडे जाते, पूर्वेला गडचिरोलीकडे जाते, उत्तरेला उमरेड-कऱ्हांडल्याकडे जाते. लोहारा-जुनोन्याचे जंगल अशाच वाटेवर आहे. नकाशावर ते रिकामे हिरवे दिसते, प्रत्यक्षात ती वाहती वाट आहे.

वाट बंद झाली की वाघ नाहीसा होत नाही. तो मिळेल तिथून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच पट्ट्यातून जाणाऱ्या बल्लारपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर, चिचपल्लीच्या जंगलात, वाघाची तीन पिल्ले गाडीखाली सापडली. दुसरी गोष्ट शहराच्या उत्तर टोकाची आहे. जुने मातीचे ढिगारे आता विलायती बाभळीने झाकले आहेत. डुकरे तिथे राहतात, मोकाट गुरे चरतात, खड्ड्यांत बारमाही पाणी असते. म्हणजे वाघ-बिबट्याला हवे ते सारे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात कामावरून सायकलने घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने उचलले, आणि त्याच सुमारास दुर्गापूरच्या वस्तीतून एका मुलाला बिबट्याने नेले. त्या आठवड्यात आमच्या शाळेत त्या बाजूची अर्धी मुले आली नाहीत. खाण वाघाला हाकलते असे म्हणणे अपुरे आहे. कधीकधी ती त्याला आपल्या अंगणात आणून ठेवते.

जंगलात राहणाऱ्या माणसाची अडचण वेगळीच. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून बाया अंधारातच निघतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. दोन्ही कामे वाकून करायची, आणि वाकलेले माणूस वाघाला चार पायांचे जनावर वाटते, असे वनरक्षक सांगतात. या जिल्ह्यात दरवर्षी माणसे मारली जातात, आणि ती बहुतेक याच गरिबांतली असतात. जिप्सीत बसून फोटो काढणाऱ्यांना वाघ हवा असतो, मोह वेचणारीला नको असतो, हे ऐकून घेतल्याशिवाय जंगलाच्या बाजूने बोलू नये. पण लोहाऱ्याच्या पुढच्या एका गावात पाणी प्यायला थांबलो तेव्हा घरच्या म्हाताऱ्या बाईला मी विचारले, खाण झाली असती तर वाघाचा त्रास गेला असता ना? ती म्हणाली, "वाघ गेला असता, मोहही गेला असता. मग आम्ही काय डम्पर वेचलो असतो?"

माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा, मायनिंगचा डिप्लोमा करतो आहे. भाऊ स्वतः एका ठेकेदाराकडे डम्पर चालवतो. वेकोलिच्या पक्क्या नोकरीचे दिवस त्याच्या वाट्याला आले नाहीत. मागच्या ईदला सगळे जेवायला जमलो होतो. लोहाऱ्याचा विषय निघाला तसा भाचा म्हणाला, "फुफी, ती खाण झाली असती तर मला घरून डबा घेऊन कामावर जाता आलं असतं. आता कोरबा नाहीतर सिंगरौलीला जावं लागेल." त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. या जिल्ह्यातल्या आपल्या कित्येक घरांत जमीन नाही. कोणी गॅरेज चालवतो, कोणी ट्रकवर आहे, कोणी खाणीत ठेकेदाराकडे. जंगल वाचवा म्हणणाऱ्यांचा पगार बहुधा महिन्याच्या एक तारखेला जमा होतो. माझाही होतो.

अब्बा बराच वेळ हाडे वेगळी करत ऐकत होते. मग त्यांनी नातवाला हिशेब विचारला. आमच्या वेळी भूमिगत खाणीत एका पाळीला किती माणसे उतरायची? शेकड्यांनी. आता तुझ्या बापाच्या खुल्या खाणीत तेवढाच कोळसा काढायला किती लागतात? भाऊच म्हणाला, "एक मोठा शावेल, डम्पर, थोडे ऑपरेटर. बाकी सगळं मशीन." अब्बा म्हणाले, "म्हणजे जंगल पूर्ण जाणार आणि नोकऱ्या थोड्या येणार. त्याही ठेक्यावर." भाचा काही बोलला नाही. त्याचा डिप्लोमा चालू आहे, आणि तो चांगल्या गुणांनी पास व्हावा अशीच माझी दुआ आहे. खाणीत सुरक्षेची, पाण्याची, खड्डे नीट बुजवण्याची कामेही शिकलेल्या माणसाने करायची असतात. जुन्या ढिगाऱ्यांवर बाभळीऐवजी धड झाडे लावायला आणि इरईचे पात्र मोकळे करायला या जिल्ह्यात एका पिढीला पुरेल इतके काम पडून आहे. त्या कामाच्या जागा कधी निघतात, याकडे माझे लक्ष आहे.

लोहारा थांबले म्हणून विषय संपला असे कोणी समजू नये. जमिनीखालचा कोळसा नकाशावरून पुसला जात नाही. २०२० साली देशभरातल्या ४१ कोळसा साठ्यांचा व्यापारी लिलाव जाहीर झाला, त्या यादीत चिमूरकडचा बंदर हा साठा होता. तोही ताडोब्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाघाच्या वाटेवरच. पुन्हा पत्रे गेली, पुन्हा ओरड झाली, आणि बंदरचे नाव त्या लिलावातून काढण्यात आले. दर दहा वर्षांनी कोणीतरी उपोषणाला बसायचे आणि मग जंगल वाचायचे, ही पद्धत मला भरवशाची वाटत नाही.

म्हणून एक साधी माहिती, जी आमच्या पालकसभेतही मी सांगते. मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते, प्रकल्प अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो, आणि सुनावणीला कोणीही जाऊन बोलू शकते किंवा लेखी हरकत देऊ शकते. जंगलाची जमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे ग्रामसभेलाही विचारावे लागते. आपल्या मोहल्ल्यांतून अशा सुनावणीला सहसा कोणी जात नाही, कारण ती गावची गोष्ट वाटते. पण विहीर शेजारच्या गावची आटते तेव्हा टँकर आपल्याही गल्लीतलाच वळवला जातो. सारांश वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: पाणी कुठून उपसणार आणि कुठे सोडणार, माती कुठे रचणार, आणि खाण संपल्यावर खड्ड्याचे काय करणार. या तीन उत्तरांवरून बाकीचा अहवाल किती मनापासून लिहिला आहे ते कळते.

कोणाला हे जंगल पाहायचे असेल तर हिवाळ्यात यावे. ताडोब्याच्या मोहर्ली दरवाजाचे महागडे तिकीट काढायची गरज नाही. लहान मुले सोबत असतील तर सकाळी जुनोन्याच्या तलावावर जावे. तो गोंड राजवटीतला तलाव आहे. तलाव बांधणाऱ्याला जमीन इनाम देण्याची त्या राजांची रीत होती, म्हणून या जिल्ह्यात गावोगाव तलाव आणि बोड्या दिसतात. पाणी कुठे धरायचे हे त्या लोकांना नेमके समजत होते. बांधावर उभे राहिले तर समोर पाणी, त्यावर थंडीत उतरलेली बदके, पलीकडे ऐन आणि धावड्याची झाडे, आणि पाठीमागे, हवा स्वच्छ असेल तर, वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर. सोबत पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा ठेवावा. तिथे हॉटेल नाही. नमाजसाठी बांधाजवळच्या सावलीत जागा मिळते. वजू तलावाच्या पाण्याने करता येते, फक्त मुलांना काठावर एकटे सोडू नये. लोहाऱ्याच्या बाजूने परतताना रस्त्याकडेला जिथे नाल्याने दरड कापली आहे, तिथे गाडी थांबवून कामठीच्या वालुकाश्माचे थर दाखवावेत, पण गाडीपासून फार आत जाऊ नये आणि संध्याकाळी पाचच्या आत रस्त्याला लागावे. अंधार पडल्यावर तो रस्ता आपला नसतो.